आजवर वापरलेली इतर नावं

आमच्या उमरग्याकडं लग्नाच्या मांडवात शिरलं की तोंडाशीच एक टेबल लागतं. टेबलामागे घरातला सुवाच्य अक्षराचा माणूस, त्याच्यापुढे लाल पाठीची लांब वही, शेजारी स्टीलचा डबा. आलेला माणूस गाव सांगतो, नाव सांगतो, पाकीट पुढे करतो आणि वहीत एक ओळ पडते. येणेगूर, आडनाव, ५०१. जळकोट, नुसतं पहिलं नाव, टॉवेल-टोपी. मुरूम, आत्याचे दीर, साडी. ही आहेराची वही लग्नानंतर फडताळात जाते आणि वर्षानुवर्षं तिथेच राहते. ज्यानं पाचशे एक दिले, त्याच्या घरच्या कार्यात पाचशे एक्कावन्न घेऊन जायचं असतं. वही टाकून दिली तर कोण कुणाचं देणं लागतो ते कळायचं कसं?

मे २०२२ मध्ये माझ्या भाचीचं लग्न झालं तेव्हा माझ्याकडे दोन कामं होती. अक्षता पडेपर्यंत मामा म्हणून तिच्या पाठीशी उभं राहायचं आणि अक्षता पडल्यावर वहीपुढे बसायचं. चारशे बारा ओळी लिहिल्या. जावई मूळचे लोहारा तालुक्यातले, पण शाळेत असतानाच आईवडिलांबरोबर अमेरिकेला गेलेले आणि आता तिथले नागरिक. सुट्टी तीन आठवड्यांची. लग्न लागलं, तुळजापूरला जाऊन देवीचं दर्शन झालं, जागरण-गोंधळ झाला आणि जावईबापू विमानात बसले. भाची आईकडे राहिली. "दोन-तीन महिन्यांत होतंय की व्हिसाचं," असं मांडवात सगळेच म्हणत होते. ते व्हायला अडीच वर्षं लागली.

मधल्या काळात एका रात्री तिचा फोन आला.

"मामा, आहेराची वही कुठंय? आईच्या फडताळात न्हाई."

"तुला कशाला गं ती आत्ता?"

"लग्न झालंय ह्याचा पुरावा पाहिजे."

सहाशे माणूस जेवून गेलेलं लग्न. त्याला पुरावा?

*

नवरा किंवा बायको अमेरिकेची नागरिक असली की तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे अर्ज त्यांनीच करायचा असतो. त्या फॉर्मला आय-१३० म्हणतात. त्याला जोडून इकडच्या जोडीदाराची माहिती आय-१३०-ए या फॉर्मवर जाते. अर्ज पोचल्याची पावती येते आणि मग वाट बघणं सुरू होतं, ते बहुधा वर्षाच्या वर. अर्ज मंजूर झाला की फाइल न्यू हॅम्पशायर राज्यातल्या पोर्ट्समथ गावी, नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे पुन्हा फी, पुन्हा एक लांबलचक ऑनलाइन फॉर्म, डीएस-२६०, आणि एकेक कागद स्कॅन करून चढवणं. त्यांनी कागद पुरे झाल्याचं कळवलं की मुंबईच्या कॉन्सुलेटमधल्या मुलाखतीच्या रांगेत नंबर. मुलाखतीआधी ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडे तपासणी.

हा रस्ता लांब असला तरी सरळ आहे. नागरिकाच्या नवऱ्या-बायकोला वर्षाला इतकेच व्हिसा, अशी मर्यादा नाही. अर्ज करणारा नुसता ग्रीन कार्डवाला असला तर ती मर्यादा येते आणि दर महिन्याला निघणाऱ्या व्हिसा बुलेटिनमधल्या तारखा पंचांगासारख्या बघत बसावं लागतं. आपल्याकडची बहुतेक जोडपी या दोन्हींत बसत नाहीत. मुलगा एच-वन-बीवर, त्याच्यामागे मुलगी एच-फोरवर. तो व्हिसा तात्पुरता, म्हणून त्यामानाने लवकर मिळतो, पण त्यावर नोकरी करता येत नसे. २०१५ पासून काही जणींना तेवढी परवानगी मिळाली, तीही नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज एका टप्प्यापर्यंत पोचला असेल तरच.

या फॉर्मांमधला एक शब्द आमच्या ताईला, म्हणजे भाचीच्या आईला, फार आवडला. अर्ज करणारा नवरा तो अर्जदार आणि जिच्यासाठी अर्ज करायचा ती बायको लाभार्थी. उमरग्यात लाभार्थी म्हटलं की घरकुलाच्या यादीतलं नाव, निराधाराचा पगार, आता लाडक्या बहिणीचे पंधराशे. ताई शेजारणीला सांगायची, "आमची लेक अमेरिकेची लाभार्थी हाय." त्या थट्टेत एक खरी गोष्ट होती. अर्ज नवऱ्याचा असतो, म्हणजे तो मागे घेण्याचा हक्कही नवऱ्याचाच. दीड-दोन वर्षं मुलीच्या आयुष्याची दोरी दुसऱ्याच्या लॉगिनमध्ये असते. आमचे जावई सरळ होते, दर आठवड्याला स्क्रीनचा फोटो पाठवायचे. सगळ्याच घरांत तसं असेल असं कुणी सांगावं?

खर्चाचंही सांगतो, कारण गावात विचारतात. एप्रिल २०२४ पासूनच्या दरानं आय-१३० ऑनलाइन भरला तर ६२५ डॉलर, व्हिसाच्या अर्जाचे ३२५, हमीपत्राच्या छाननीचे १२०, आणि व्हिसा हातात आल्यावर कार्डासाठी २३५. बेरीज १,३०५ डॉलर. तपासणी, लशी, मुंबईच्या फेऱ्या वेगळ्या. सगळे फॉर्म सरकारी संकेतस्थळांवर फुकट असतात. तरीही एका एजंटानं नुसते ते भरून देण्याचे पंचेचाळीस हजार सांगितले. आम्ही चहा घेऊन उठलो.

हमीपत्राचा नंबर आय-८६४. विविध कार्यकारी सोसायटीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या कुणालाही ते लगेच कळेल. अर्जदारानं लिहून द्यायचं की माझं उत्पन्न सरकारनं ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट आहे आणि ही व्यक्ती सरकारच्या अंगावर पडणार नाही. २०२५ साली दोन माणसांच्या घराला तो आकडा २६,४३७ डॉलरचा होता. हा जामीन सुटतो तो जोडीदार नागरिक झाला, त्याच्या नावावर चाळीस तिमाह्यांचं काम जमा झालं, तो देश कायमचा सोडून गेला किंवा दोघांपैकी एक वारला तर. घटस्फोट झाला म्हणून सुटत नाही. मंगलाष्टकांत एवढं कडक काही नसतं.

*

आता पुरावा.

आपला कायदा लग्नाकडे कसा बघतो ते आधी पाहू. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमात विधीला महत्त्व आहे. जिथे सप्तपदी आहे तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण. आठवं कलम नोंदणीचं आहे आणि नोंदणी केली नाही म्हणून लग्न रद्द होत नाही असं त्यातच म्हटलेलं आहे. महाराष्ट्रानं १९९८ साली नोंदणीचा वेगळा कायदा केला. २००६ मध्ये सीमा विरुद्ध अश्विनीकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना नोंदणी सक्तीची करायला सांगितलं. आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयानं डॉली राणी प्रकरणात उलट बाजूनं बजावलं की विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्रानं हिंदू लग्न होत नाही. थोडक्यात, आपल्याकडे लग्न मांडवात होतं आणि कागद मागून येतो.

अमेरिकन फाइलीत कागद पहिला. नगरपरिषदेतून विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणलं. त्याला तीन साक्षीदार लागतात, भटजींची सही लागते, ते सगळं आठवड्यात झालं. पण प्रमाणपत्रानं फक्त लग्न झाल्याचं कळतं. ते खरं आहे, व्हिसासाठी मांडलेलं नाही, हे निराळं दाखवावं लागतं. त्यासाठी तिकडे काय मागतात? दोघांच्या नावाचं बँक खातं, दोघांच्या नावाचा घरभाड्याचा करार, एकमेकांच्या नावचा विमा. तीन आठवडे एकत्र राहिलेल्या जोडप्यानं हे आणायचं कुठून? मग फोटो, विमानाची तिकिटं, दोन वर्षांच्या व्हॉट्सॲप कॉलची यादी.

फोटोंची वेगळीच गंमत. फोटोग्राफरनं चौदाशे फोटो काढले होते. त्यात स्टेजवरचे अकराशे, जेवणावळीचे दोनशे, आणि सप्तपदीचा एकच, त्यातही कुणाचं तरी कोपर मध्ये. आमच्याकडे लग्न म्हणजे अक्षता. अक्षता पडल्या की पब्लिक पंगतीला पळतं आणि सप्तपदी होमाच्या धुरात चार म्हाताऱ्यांच्या साक्षीनं उरकते. कायद्यानं जिथं लग्न पुरं होतं, तिथं कॅमेराही जेवायला गेलेला असतो.

पत्रिका भाषांतर करून लावायची ठरली. मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर हवं आणि खाली भाषांतर करणाऱ्यानं लिहून द्यायचं की मला दोन्ही भाषा येतात आणि हे बरोबर आहे. हायस्कुलातले निवृत्त इंग्रजीचे सर बसले. त्यांनी 'आमचे येथे श्री कृपेकरून' सोडवलं, 'चि. सौ. कां.'वर मात्र थांबले. "हे तसंच ठेवलं तर तिकडचा माणूस म्हणेल पोरीचं पहिलं नाव चि आहे." खाली किलबिलाटात चिमुकल्यांनी मावशीच्या लग्नाला यायचं आमंत्रण दिलेलं, त्या चिमुकल्यांतला एक आता बारावीला आहे. सरांनी तेही भाषांतरात घेतलं. म्हणाले, "सही माझी हाय. गाळता येत न्हाई."

त्याच बैठकीत आहेराच्या वहीचा विषय निघाला. दोन्ही घरची, दोन राज्यांतली, चारशे बारा माणसं ज्या लग्नासाठी पदरचे पैसे देऊन गेली, ते खोटं कसं असेल? मला तरी त्याहून मोठा पुरावा सुचत नव्हता. वहीची पहिली आणि शेवटची चार पानं सरांनी इंग्रजीत केली. टॉवेल-टोपीला त्यांनी 'आदराची वस्त्रं' असा शब्द दिला.

*

फाइलीनं खरं रक्त आटवलं ते मात्र लग्नाच्या कागदांनी नाही. नावांनी.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. आमचं मूळ घर सीमेपलीकडे, कर्नाटकात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला एकच सलग मुलूख दोन राज्यांत गेला. सोयरिकी मात्र होत्या तशाच होत राहिल्या. म्हणून उमरग्याच्या या मुलीचा जन्म कर्नाटकात नोंदवला गेला आणि दाखला कानडीत. वाचणारे आमच्याकडे पावलागणिक आहेत, त्यामुळे अडचण भाषेची नव्हती. नोंद करणाऱ्यानं वडिलांच्या नावापुढे तिकडच्या रिवाजानं मानाचं 'अप्पा' लावलं होतं. शिवाय पाळण्यातलं नाव एक आणि शाळेतलं दुसरं.

जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा १ एप्रिल १९७० पासून अमलात आला. त्याचं पंधरावं कलम दुरुस्तीचं. चुकीची नोंद खोडायची नाही, मूळ तशीच ठेवायची आणि समासात दुरुस्ती लिहून सही-तारीख टाकायची. कलम दोन मिनिटांत वाचून होतं. त्या समासातल्या दोन ओळींसाठी मी पाच चकरा मारल्या. एकदा साहेब मीटिंगला, एकदा रजिस्टर वरच्या कचेरीत, एकदा सर्व्हर बंद, एकदा मी शाळेचा मूळ दाखला घरी विसरलेला. पाचव्या खेपेला काम झालं. कारकून भला होता, म्हणाला, "अप्पा मानासाठी लावतात हो. तुम्हाला मान नको म्हणायला एवढ्या लांब आलात?"

मग शाळा. बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येतं, मग आपलं, मग वडिलांचं. आधारवर आपलं आधी. पासपोर्टात आडनाव एका रकान्यात आणि बाकी सगळं दुसऱ्या. इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठे एक 'ए', कुठे दोन. गावाचंही तेच. आमच्या गावाचं स्पेलिंग काही कागदांवर 'यू'नं सुरू होतं, काहींवर 'ओ'नं. तो 'ओ' वाचला की गाव ओमेर्गा होतं आणि आमचं आम्हालाच परकं वाटतं. जिल्ह्याची तर कथाच निराळी. लग्न झालं तेव्हा जिल्हा उस्मानाबाद, शेवटच्या निजामाच्या, मीर उस्मान अली खानाच्या नावाचा. फाइल अर्ध्यावर असताना, २०२३ साली, धाराशिव हे नाव आलं. मग विवाह प्रमाणपत्रावर एक जिल्हा आणि पोलिसांच्या दाखल्यावर दुसरा. भाचीला झोप येईना. तिला मी दाखवलं ते तिच्याच केस नंबरात होतं. मुंबईचे सगळे नंबर 'बीएमबी' या तीन अक्षरांनी सुरू होतात. बॉम्बेची मुंबई १९९५ मध्ये झाली, अमेरिकेच्या फाइलीत ती अजून बॉम्बे आहे. "ह्यांचंच अजून बदललं न्हाई, तुझ्या धाराशिवाला कोण अडवतंय?"

आय-१३०-ए फॉर्मवर आईवडिलांच्या जन्मतारखा लिहायच्या असतात. तिच्या आईची १ जून. वडिलांचीही १ जून. माझी विचाराल तर तीच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वर्ष अंदाजानं आणि तारीख सोयीनं घातलेली. महाराष्ट्रातल्या एका पिढीचा वाढदिवस असा एकाच दिवशी येतो. "दोघांची सेम तारीख बघून त्यांना खोटं वाटंल," भाची म्हणाली. पण दुसरी तारीख आणायची कुठली? आमच्या आईला विचारलं तर ती सांगायची, ज्वारीची काढणी चालली होती.

त्याच सुमारास, २०२३ च्या सरत्या महिन्यांत, मराठवाडाभर लोक जुन्या नोंदी हुडकत होते. मराठा आरक्षणासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी तपासत होती. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला होता. सेतूच्या रांगेत माझ्यापुढे एक जण पणजोबाच्या नावासाठी उभा आणि मी भाचीच्या. कागदाची किंमत आम्हाला त्याआधीही एकदा कळली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादची गावं भुईसपाट झाली, बावन्न गावं नव्या जागी वसवली आणि घर मिळायचं ते यादी बघून. जमीन नसलेल्याला किंवा अगदी थोडी असलेल्याला अडीचशे चौरस फूट, सात हेक्टरपर्यंतच्याला चारशे, त्यावरच्याला साडेसातशे. ढिगाऱ्यातून निघालेल्या माणसालाही मी हाच, हे कागदानंच सांगावं लागलं होतं.

आणि मग डीएस-२६० मधला तो प्रश्न आला: आजवर तुम्ही इतर कुठली नावं वापरली आहेत का?

भाची लॅपटॉपपुढे गप्प बसली. पाळण्यातलं नाव होतं. शाळेतलं होतं. आणि लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून, सोन्याच्या अंगठीनं लिहिलेलं तिसरं. ते नाव पत्रिकेत नव्हतं, आधारवर नव्हतं. सासरच्या दोन आत्या मात्र तिला त्याच नावानं हाक मारायच्या. तांदळातलं नाव 'वापरलेलं' धरायचं का? ताई म्हणाली, तांदूळ तर त्याच दिवशी डब्यात गेले. सर म्हणाले, कुणी हाक मारतंय म्हणजे वापरात आहे. शेवटी भाचीनं तिन्ही नावं भरली. "लपवल्यासारखं नको," एवढंच म्हणाली.

मूळ नाव ठेवायचं, नवऱ्याचं लावायचं नाही, हे तिनं लग्नाआधीच ठरवलं होतं. कारण काही क्रांतीचं नव्हतं. पदवी, पासपोर्ट, पॅन सगळं त्या नावावर; ते बदलायचं तर प्रतिज्ञापत्र, राजपत्रात जाहिरात, सगळ्या कार्डांची पुन्हा रांग. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारनं ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचंही नाव लागेल, बाळाच्या नावानंतर आणि वडिलांच्या आधी. मंत्रिमंडळात कुणी काही ठरवो, आमच्याकडे लग्न झालेल्या बाईला नाव विचारलं तर ती अजून क्षणभर थांबते. माहेरचं सांगू की सासरचं, हे तिला समोरच्या माणसाकडे बघून ठरवावं लागतं. पुरुषाला आयुष्यात हा प्रश्न कुणी विचारत नाही. सातासमुद्रापलीकडच्या एका फॉर्मनं विचारला, तोही सुरक्षेच्या कारणासाठी, आणि उत्तर शोधताना आमच्या घरानं पहिल्यांदा मोजलं की या मुलीला आपण किती वेळा नाव दिलं आणि त्यातलं एकदाही तिला विचारून दिलं नाही.

*

कल्याणची यमुना जोशी लग्नानंतर आनंदी झाली. एप्रिल १८८३ मध्ये ती डॉक्टरकी शिकायला कलकत्त्याहून बोटीनं निघाली, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. वय अठरा, नवरा बरोबर नाही. व्हिसा तेव्हा नव्हताच. पण त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेनं चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला होता आणि दार हळूहळू ओढलं जात होतं. १९१७ च्या कायद्यानं आशियाचा मोठा भाग, हिंदुस्थानासह, बंदीच्या पट्ट्यात गेला. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं: वर्षाला शंभर भारतीय. ऑक्टोबर १९६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी सही केलेल्या कायद्यानं देशावर ठरणारी ती जुनी वाटणी गेली आणि कुटुंबाच्या नात्याला मोठी जागा मिळाली. आज उत्तर अमेरिकेत मराठी मंडळं आहेत, १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे, त्यांच्यामागे या एका कायद्याचा मोठा हात आहे. आनंदीबाईंची रक्षा न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत आहे. तिथल्या दगडावर जोशी या आडनावाचं स्पेलिंग शेवटी दोन 'ई' लावून केलेलं आहे. स्पेलिंगचं दुखणं इतकं जुनं.

नातं मानलं म्हणजे हक्क मानला असं मात्र नाही. १९८६ च्या कायद्यानं खोट्या लग्नांना आळा म्हणून अट घातली: तिथे उतरताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं, आणि मुदत संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा लग्न खरं असल्याचं दाखवायचं. नवरा छळत असेल तर बाईला एकटीनं अर्ज करायची वाट ठेवलेली आहे. मुलीला निरोप देताना हे सांगणारी घरं थोडी. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मुन्योस खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की परदेशी जोडीदाराला देशात आणण्याचा मूलभूत हक्क नागरिकाला नाही. इतर देशांचे उंबरठे वेगळे. ब्रिटननं एप्रिल २०२४ पासून जोडीदार आणणाऱ्याच्या उत्पन्नाची अट १८,६०० पौंडांवरून २९,००० वर नेली. जर्मनीला जाणाऱ्या पुष्कळ नव्या नवऱ्या हळद उतरायच्या आत जर्मनच्या पहिल्या परीक्षेला बसतात.

आमच्या भाचीची दोन वर्षांची कटकट मात्र टळली. फाइलच इतकी रेंगाळली की मुलाखतीच्या वेळी लग्नाला अडीच वर्षं झाली होती. सरळ दहा वर्षांचं कार्ड. उशिराचा तेवढाच फायदा.

*

मुंबईला निघालो तेव्हा नोव्हेंबर होता. उमरग्याला रेल्वे नाही. हैदराबादच्या हायवेनं सोलापूर आणि तिथून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस. वाटेत नळदुर्ग आणि पुढं अणदूर लागतं. या दोन गावांत खंडोबा एकच. देव वर्षातला बराच काळ अणदूरला असतो आणि उरलेला नळदुर्गला, मैलारपुरात. तो एका गावाहून दुसरीकडे निघतो तेव्हा दोन्हीकडच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो, मगच पालखी हलते. ताईनं गाडीतूनच हात जोडले. म्हणाली, "देवालासुद्धा कागद लागतोय की."

तपासणी आधी झाली होती. छातीचा एक्स-रे, रक्त, लशी. तेव्हा कोविडच्या लशीचंही प्रमाणपत्र लागायचं. लहानपणीच्या लशींचं कार्ड घरात सापडलं नाही म्हणून काही पुन्हा टोचून घेतल्या. मुलाखतीच्या सकाळी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कॉन्सुलेटपुढे आम्ही फूटपाथवर उभे राहिलो. आत फक्त तिला सोडलं. हे कार्यालय २०११ मध्ये ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसमधून इकडे आलं. भोवती काचेच्या इमारती, आणि झाडाखाली आमच्यासारखीच माणसं, हातात पारदर्शक फोल्डर, डोळे दाराकडे. कुणी पंजाबचं, कुणी आणंदचं, कुणी केरळचं. कुणीच कुणाला नाव विचारत नव्हतं. सगळे एकच विचारायचे, "कितने बजे का है?"

दोन तासांनी ती बाहेर आली. पासपोर्ट आत ठेवून घेतला होता, म्हणजे झालं. आईनं रडून घेतलं. मी विचारलं, काय काय विचारलं?

"उजवा हात वर करून शपथ. मग बोटांचे ठसे. मग, ओळख कशी झाली, ते काय करतात, लग्नाला कोण कोण आलं होतं."

"आणि वही?"

"बघितलीच न्हाई, मामा. मी म्हटलं सहाशे माणसं होती, तर हसली ती बाई. म्हणाली, सगळ्यांना ओळखतेस का?"

"तू काय म्हटलंस?"

"म्हटलं, मामाच्या वहीत लिहिलेत."

*

ती जानेवारीत गेली. वही पुन्हा फडताळात आली. गेल्या वैशाखात येणेगूरच्या पाचशे एकवाल्यांच्या घरी मुलाचं लग्न निघालं. भाचीच्या लग्नातला तो आहेर, म्हणजे परतफेड तिच्या नावानं व्हायला हवी असं तिचंच म्हणणं. पैसे तिनं फोनवरून पाठवले. मांडवाच्या तोंडाशी टेबल होतं, मागे चष्मा लावलेला एक तरुण मास्तर, पुढे लाल पाठीची वही.

"गाव?"

"उमरगा."

त्यानं लिहिलं. "नाव? तुमचंच लिहू, का जावयाचं?"

आजवर मी हे असंच लिहीत आलो. बाईचा आहेर म्हणजे नवऱ्याचं नाव, नाहीतर बापाचं, नाहीतर 'यांच्या भगिनी'. माझ्या त्या चारशे बारा ओळींत बाईचं स्वतःचं नाव असलेल्या ओळी मी नंतर मोजल्या. अकरा निघाल्या.

मी भाचीचं नाव सांगितलं, पासपोर्टावर आहे तसं, पूर्ण. तो थांबला. रकाना अरुंद होता. आधी लिहिलेली नावं सगळी पुरुषांची आणि दोन-दोन शब्दांत मावणारी.

"ह्यात बसंना झालंय, सर."

"मग समासात लिही," मी म्हणालो. "पण सगळं लिही."

त्यानं वही आडवी धरली आणि बारीक अक्षरात लिहून घेतलं. पुढे ५५१.